‘चाल’ : तीन पत्तीतील पणाच्या फेऱ्या व त्यांची परिभाषा

कोकणात गौरी-गणपतीच्या रात्रींचे जागरण भजनाने सुरू होते आणि बहुधा पत्त्यांनी संपते, ही गोष्ट त्या प्रदेशाशी परिचय असणाऱ्यास नव्याने सांगावयास नको. पेण व रोहा ह्या दोन्ही गावांतून गेली काही वर्षे गणेशोत्सवात जाणे-येणे ठेवण्याचा प्रस्तुत लेखकाला योग आला. हेतू बोलीच्या अभ्यासाचा होता, पत्त्यांचा नव्हता. परंतु ओटीवर सतरंजी पसरून बसलेल्या मंडळींचे बोलणे टिपून घेत असता एक गोष्ट वारंवार कानांवर आली व तिनेच पुढे ह्या लेखाचे रूप घेतले. खेळणारा हातातील पानांविषयी बोलतो तेव्हा तो मराठीत बोलतो : बदाम, चौकट, राजा, राणी, गुलाम, एक्का. तोच माणूस पैशाविषयी बोलू लागला की एकदम इंग्रजीत शिरतो : ब्लाइंड, सीन, पॅक, शो. ह्याला ठळक अपवाद एकाच शब्दाचा, आणि तो म्हणजे ‘चाल’. “मामा, चाल तुमची,” असे भाचा म्हणतो; आणि मामा पान न हलविता मधल्या ढिगात नाणे सरकवितात.

एकाच खेळाच्या परिभाषेत असे दोन थर असणे हा योगायोग नव्हे. शब्दांचे थर हे बहुधा वस्तूंच्या आगमनाचे थर असतात. आपल्याकडे पाने आधी आली व पानांवर फेरीफेरीने पण वाढवीत नेण्याची रीत मागाहून आली, असे ह्या साक्षीवरून अनुमान निघते. आणि खेळांच्या इतिहासाची इतर साधने त्यास दुजोरा देतात.

पानांच्या खेळाचा आपल्याकडील जुना प्रकार गंजिफा. बाबराने १५२७ साली सिंधमधील शाह हसन ह्यास गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा ही ह्याच परंपरेची : दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण १२० गोल पाने. परंतु गंजिफा हा मुख्यतः हात जिंकण्याचा खेळ आहे. कोणाचे पान वरचढ, कोणी किती हात केले, हा त्यातील प्रश्न. पैसे लावून तो खेळता येतोच, पण पैसा खेळाच्या बाहेर राहतो. डाव संपल्यावर हिशेब होतो. पण लावणे हीच खेळातील कृती, तीच बोलणे व तेच उत्तर, असा प्रकार त्यात नाही.

युरोपात मात्र नेमका असा खेळांचा एक मोठा वंश वाढला. त्याचे विशेष त्यांच्या नावांतच दिसतात. इंग्लंडातील ‘ब्रॅग’ म्हणजे बढाई मारणे. जर्मन ‘पोखेन’ म्हणजे ठोठावणे आणि बढाई मारणे. त्याच्याशी नाते असलेला फ्रेंच खेळ ‘पोक’, आणि त्यावरूनच एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मिसिसिपीच्या काठी रुजलेल्या ‘पोकर’चे नाव आले असे सामान्यतः मानतात. ह्या खेळांची नावे पानांवरून पडलेली नाहीत, बोलण्यावरून पडली आहेत. “माझ्याजवळ तुझ्याहून चांगली पाने आहेत, खोटे वाटत असेल तर एवढे पैसे टाकून पाहा” हे वाक्य म्हणजेच खेळ. ब्रॅगवर एडमंड हॉइल ह्याने १७५१ साली स्वतंत्र पुस्तिका लिहिली. अर्थात् तोवर तो इंग्रजी घरांत चांगलाच स्थिरावला असला पाहिजे. तीन पानांचा ब्रॅग इंग्रजांबरोबर हिंदुस्थानात आला व त्याचीच तीन पत्ती झाली, हे मत आज सर्वसाधारणपणे मान्य आहे. वर्तमानपत्रांतील छाप्याच्या बातम्यांत ह्याच खेळास कधी ‘तीन पत्ती’ तर कधी ‘तीन पानी जुगार’ म्हटलेले आढळते. बढाईचा उल्लेख नावातून गळाला आणि पानांची संख्या तेवढी उरली.

आता फेरीची रचना पाहू. ती तपशिलाने पाहणे अगत्याचे आहे, कारण पुढील सारा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. प्रत्येक खेळाडू आरंभी ठराविक रक्कम मध्ये टाकतो. तिला ‘बूट’ म्हणतात. (पायातल्या बुटाशी ह्या शब्दाचा संबंध जोडण्याचा मोह टाळलेला बरा.) मग प्रत्येकास तीन पाने पालथी मिळतात. ज्याची पाळी असेल त्याने पाने पाहिली नसतील तर तो ‘ब्लाइंड’. पाहिली असतील तर ‘सीन’. ब्लाइंड खेळाडूने चालू दराइतकी किंवा फार तर त्याच्या दुप्पट रक्कम टाकावयाची. सीन खेळाडूने मात्र चालू दराच्या निदान दुप्पट व फार तर चौपट टाकावयाची. न परवडल्यास पाने खाली ठेवून ‘पॅक’ व्हावयाचे, आणि टाकलेले पैसे सोडावयाचे.

चौघे बसले आहेत व बूट १० रुपये आहे असे समजा. ढिगात ४० रुपये झाले. पहिला न पाहता १० टाकतो. दुसरा पाने पाहून २० टाकतो. सीन खेळाडूची निम्मी रक्कम हिशेबात धरावयाची असल्याने दर १० वरच राहतो. तिसरा पाने पाहून पॅक होतो. चौथा न पाहताच २० टाकतो. येथे दर २० झाला. आता दुसऱ्याची पाळी पुन्हा येईल तेव्हा, मध्ये कोणी दर वाढविला नाही तरीही, त्यास निदान ४० टाकावे लागतील. म्हणजे न पाहणाऱ्याचे बुटासह ३० गेले असता पाहणाऱ्याचे ७० जातात. पाहण्याला दुप्पट मोल पडते. तीन पत्तीतील सारी गंमत व सारा घात ह्या एका नियमात आहे. ज्याने पाने पाहिली नाहीत त्याचे अज्ञान हे त्याचे दौर्बल्य न राहता शस्त्र होते. तो पाहणाऱ्यास स्वस्तात छळू शकतो.

दोघेच उरले म्हणजे ‘शो’ मागता येतो. पण येथेही अनेक ठिकाणी पाळला जाणारा नियम असा की, सीन खेळाडूस ब्लाइंड खेळाडूकडून शो मागता येत नाही. त्याने एकतर चाल करीत राहावे किंवा पॅक व्हावे. तीन पानांच्या ब्रॅगमध्येही आंधळ्याला ‘पाहता’ येत नाही असाच दंडक आहे. दोन खेळांचे नाते सिद्ध करण्यास नावांपेक्षा असला आडवळणाचा नियम अधिक उपयोगी पडतो. शब्द उसना घेता येतो. विक्षिप्त नियम सहसा वारशानेच येतो.

वारशाचे आणखी एक चिन्ह पानांच्या क्रमात आहे. ५२ पानांतून तीन पानांचे २२,१०० संच होतात. त्यांपैकी एकाच किमतीची तीन पाने, म्हणजे ‘ट्रेल’, ५२ प्रकारे येते. एकाच रंगाची क्रमवार तीन पाने, म्हणजे ‘प्युअर सिक्वेन्स’, ४८ प्रकारे. जे अधिक दुर्मीळ ते श्रेष्ठ ह्या न्यायाने प्युअर सिक्वेन्स वर असावयास हवी. परंतु तीन पत्तीत ट्रेल वर आहे, आणि ब्रॅगमध्येही त्याच संचाला, तेथल्या ‘प्रायल’ला, अग्रस्थान आहे. गणिताची तीच चूक दोन खेळांनी स्वतंत्रपणे केली असे मानण्यापेक्षा एकाने दुसऱ्याकडून घेतली असे मानणे सोपे आहे. ‘प्रायल’ आणि ‘ट्रेल’ ह्यांच्या ध्वनिसाम्याकडेही लक्ष वेधावेसे वाटते. मात्र ते केवळ अनुमान समजावे.

ज्या पोकरचा आज फोनवर सर्वत्र प्रसार झाला आहे त्याचा, म्हणजे ‘टेक्सास होल्डेम’चा, घाट निराळा आहे. टेक्सासमधील रॉब्सटाउन हे त्याचे जन्मस्थान म्हणून तेथील विधिमंडळाने २००७ साली मान्य केले. १९७० पासून लास वेगास येथे भरणाऱ्या जागतिक स्पर्धेने त्यास प्रतिष्ठा दिली. त्यात प्रत्येकाला दोन पाने गुप्त मिळतात आणि पाच पाने सर्वांसाठी उघडी मांडली जातात : प्रथम तीन, मग एक, मग आणखी एक. त्यामुळे पणाच्या चार फेऱ्या होतात. एक उघडी पाने येण्यापूर्वी, आणि प्रत्येक उघडीनंतर एकेक. प्रत्येक फेरी केव्हा संपते? खेळात उरलेल्या सर्वांनी त्या फेरीत सारखी रक्कम टाकली म्हणजे. कोणी वाढविले तर इतरांनी तितके भरून बरोबरी साधावी, आणखी वाढवावे किंवा सोडावे. बरोबरी साधली की बोलणे थांबते व नवे पान येते.

तीन पत्तीत अशी बरोबरी कधीच साधली जात नाही. तेथे फेरी संपत नाही, ती फिरत राहते. नवे पान येत नाही, नवी माहिती येत नाही. येतो तो फक्त पैसा, आणि पैसा टाकणाऱ्याचा चेहरा. होल्डेमची रचना प्रकरणे पाडलेल्या ग्रंथासारखी, तर तीन पत्ती एका श्वासात म्हटलेल्या वाक्यासारखी आहे, आणि त्या वाक्याला पूर्णविराम दोघांपैकी एकाने शो मागितल्यावाचून किंवा माघार घेतल्यावाचून मिळत नाही. ‘ब्लाइंड’ ह्या शब्दाची दोहोंकडे झालेली वाटचालही उद्बोधक आहे. जुन्या पोकरात पाने पाहण्यापूर्वी पैसे लावणाऱ्याच्या पणास ब्लाइंड म्हणत. होल्डेममध्ये हा शब्द सक्तीच्या आरंभीच्या रकमेला चिकटला. लहान ब्लाइंड, मोठा ब्लाइंड ह्या तेथे रकमा आहेत. आपल्याकडे मात्र तो माणसाला चिकटला. “मी ब्लाइंड आहे”, “तो सीन झाला”, “मी पॅक” असे रोह्यात म्हणतात. पानांचे विशेषण खेळणाऱ्यावर गेले. आंधळी कोशिंबीर ज्यांच्या लहानपणी होती त्यांनी ब्लाइंडचे ‘आंधळा’ केले नाही, ह्याचे कारण मला असे दिसते की समोर बसलेल्या वडीलधाऱ्या माणसास आंधळा म्हणणे मराठीत शक्य नव्हते. परका शब्द येथे सभ्यतेच्या उपयोगी पडला.

आता ‘चाल’. बुद्धिबळात व सोंगट्यांत चाल म्हणजे मोहऱ्याने वा सोंगटीने घर बदलणे. हलणारी वस्तू पटावर आहे. तीन पत्तीत पट नाही, सोंगटी नाही, पाने तर वाटल्यापासून जागची हलत नाहीत. हलतो तो पैसा. तेव्हा ज्याने प्रथम ह्या कृतीस ‘चाल’ म्हटले त्याने पैशालाच सोंगटी मानले. मराठीत पणासाठी शब्दांची वाण नव्हती. ‘पण’ होता व ‘पणाला लावणे’ ह्या वाक्प्रचारात तो आजही जिवंत आहे. ‘पैज’ होती, ती ‘प्रतिज्ञे’पासून आली असल्याने ब्रॅग व पोखेन ह्यांच्यासारखीच मुळात बोलण्याची क्रिया आहे. लिलावातील ‘बोली’ तर अर्थाने फारच जवळची. असे असता ‘चाल’ निवडली गेली, ह्यात लोकांनी खेळाविषयी केलेला एक निर्णय आहे : हे दैवाचे काम नसून खेळीचे आहे.

तो निर्णय न्यायालयाने मान्य केला नाही. मुंबई इलाख्यात १८८७ साली झालेल्या जुगारप्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळले होते, तेव्हापासून ‘कौशल्य की दैव’ हा प्रश्न आपल्या कायद्याच्या केंद्रस्थानी राहिला. १९६७ साली सिकंदराबादेतील एका क्लबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रमीत कौशल्याचा भाग प्रधान असल्याचे ठरविले. आणि तुलनेसाठी म्हणून, ‘फ्लश’, ‘ब्रॅग’ इत्यादी नावांनी ओळखला जाणारा तीन पानांचा खेळ हा केवळ दैवाचा होय, असे सांगितले. भाषेच्या अभ्यासकास ह्या निकालात एक अनपेक्षित लाभ होतो : आपल्या तीन पत्तीचे व इंग्रजांच्या ब्रॅगचे ऐक्य त्यात सहज गृहीत धरले आहे. परंतु निकालाचा तर्क पानांकडे पाहणारा आहे. रमीत कोणते पान ठेवावे, कोणते टाकावे, काय पडून गेले हे स्मरावे लागते. तीन पत्तीत पानांवर खेळाडूची काहीच सत्ता नाही, म्हणून दैव. चालीवर त्याची सत्ता आहे, हे त्या दृष्टीच्या कक्षेत आलेच नाही. उलट पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने ब्रिज व रमीबरोबर पोकरलाही जुगाराच्या व्याख्येबाहेर ठेवले होते, तर गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ साली पोकर हा दैवाचाच खेळ ठरविला. एकाच खेळाविषयी इतके परस्परविरुद्ध निर्णय होण्याचे कारण, माझ्या मते, पान व पण ह्यांपैकी खेळ नेमका कशात आहे हे आधी ठरविले गेले नाही, हेच होय.

आपल्या प्राचीन वाङ्मयात हा विवेक अधिक स्पष्ट आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तातील फासे बेहड्याच्या फळांचे आहेत. रोह्याकडून सह्याद्रीच्या बाजूस जाताना तो वृक्ष आजही भेटतो. महाभारतातील सभापर्वात युधिष्ठिर एकामागून एक पण सांगतो व प्रत्येक वेळी शकुनी जिंकल्याचे जाहीर करतो. ह्या प्रसंगाचे विवेचन धर्मदृष्टीने पुष्कळ झाले आहे; पण रचनेच्या दृष्टीने पाहता युधिष्ठिराच्या द्यूतात ‘पॅक’ नाही. आव्हान आले की बसावयाचे आणि हरलेल्यानेच पुढचा, आधीच्याहून मोठा, पण सांगावयाचा. वनपर्वातील नलाची कथा ह्याच्याशेजारी ठेवून वाचावी. सर्वस्व गेल्यावर पुष्कर दमयंतीला पणाला लावण्यास सुचवितो. नल उत्तर देत नाही, अंगावरची भूषणे उतरवितो आणि निघून जातो. उशीर झाला खरा, पण तो उठला. पुढे तोच नल ऋतुपर्णाकडून अक्षहृदय शिकतो, आणि ती विद्या देण्यापूर्वी ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडावरील पाने व फळे न मोजता अंदाजाने सांगून दाखवितो. द्यूतात गणनेचे कौशल्य आहे, हे त्या कथाकाराला ठाऊक होते. ते ठाऊक असूनही त्याने द्यूताला निरुपद्रवी म्हटले नाही. कौशल्य आहे म्हणून जुगार नव्हे, हा निष्कर्ष काढण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

कौटिल्याला तर ह्या वादात मुळीच रस नव्हता. त्याचा द्यूताध्यक्ष जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच घेतो, शिवाय फाशांचे भाडे वेगळे. याज्ञवल्क्यानेही सभिकाचा, म्हणजे अड्डा चालविणाऱ्याचा, हिस्सा ठरवून दिला आहे. जुन्या अड्ड्यांवर ह्या हिश्शाला ‘नाल’ म्हणत. घरच्या ओटीवर नाल नसते. तेथे जे एकाचे जाते ते दुसऱ्याचे होते आणि उद्या उलट फिरू शकते. फोनवरील पैशाच्या खेळात प्रत्येक ढिगातून नाल निघत असे, आणि तिचा दर कौटिल्याप्रमाणे सर्वांना ऐकू जाईल असा सांगितलेला नसून नियमांच्या लांब पानात असे.

रोहा तालुक्यातील माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने अशा खेळात घरचे पैसे घालविले. किती, ते येथे सांगण्याचे कारण नाही. बहिणीच्या शिक्षणासाठी ठेवलेले होते एवढे पुरे. तो मुलगा हिशेबात कच्चा नव्हता. चार फेऱ्यांत कोणत्या पानांवर किती लावावे हे त्याने मला कागदावर आकृती काढून समजाविले, आणि ते बरोबर होते. मी विचारले, मग उठलास का नाहीस? तो म्हणाला, “सर, ओटीवर मी पॅक म्हटलं की सगळे हसतात, काकी चहा आणते, पाच मिनिटं जातात. फोनवर पॅकचं बटण दाबलं की पुढची पानं आलेली असतात.” ह्या उत्तरात पणाच्या फेरीविषयी मला ग्रंथांत न मिळालेली गोष्ट मिळाली. फेरीची लांबी नियमांनी ठरते असे आपण समजतो. ती बोलण्याने ठरत असते. थट्टा, आळस, पाने पिसणाऱ्याचा संथपणा, आरतीची हाक, ही सारी फेरीची अंगे होती. यंत्राने नियम तेवढे उचलले व ही अंगे टाकून दिली. आता त्याच तासात कितीतरी अधिक डाव होतात, आणि कुशल व अकुशल ह्यांतील अंतर तितक्याच वेगाने पैशात उतरते. कौशल्याचा खेळ म्हणून ज्याचे समर्थन केले जात होते, त्यात कौशल्य हेच दुबळ्याच्या नुकसानाचे कारण होते.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांसंबंधीचा कायदा संमत केला व २२ ऑगस्ट रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे भरून पैसे मिळविण्याच्या ऑनलाइन खेळांना त्याने मनाई केली, मग ते कौशल्याचे असोत वा दैवाचे. १८८७ पासून चालत आलेला भेद येथे ऑनलाइन खेळांपुरता बाजूस सारला गेला आणि व्याख्या पानांवरून उठून पणावर आली. ह्या कायद्याचे इतर गुणदोष विधिज्ञांनी पाहावेत; परिभाषेच्या दृष्टीने हा बदल मला अधिक सरळ वाटतो.

त्या वर्षीची गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला, म्हणजे पाचच दिवसांनी आली. रोह्याला जागरणाच्या रात्री ओटीवर नेहमीपेक्षा अधिक तरुण मुले होती. फोनवर शिकून आलेली ही मुले पाने वाटताच “कॉल”, “रेज”, “फोल्ड” म्हणू लागली. एका मुलाने पाने खाली ठेवून “फोल्ड” म्हटले तेव्हा शेजारचे आजोबा म्हणाले, “अरे, घडी कसली घालतोस? पॅक म्हण.” मुलगा हसला आणि “पॅक” म्हणाला. मग त्याच्या पुढच्याकडे वळून आजोबांनी विचारले, “काय रे, तुझी चाल काय?” हा शब्द मात्र त्या मुलांपैकी कोणीही बदललेला मला ऐकू आला नाही.